न जाणवणारे कंपन : इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधील पीळ-कंपनांचा अभ्यास

इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला की त्यावर भार अधिक पडला असावा किंवा पोलाद हलके असावे, असा निष्कर्ष आपण सहज काढतो. काही वेळा तो खराही असतो. परंतु असेही क्रँकशाफ्ट मोडलेले आहेत, ज्यांच्यावर नेमून दिल्यापेक्षा अधिक भार कधी पडला नव्हता, ज्यांचे पोलाद तपासणीत निर्दोष ठरले होते आणि ज्यांच्या बेअरिंगांना तेलही वेळच्या वेळी मिळत होते. त्यांचा घात केला तो एका विशिष्ट वेगाने. त्या वेगावर शाफ्ट फिरता फिरता स्वतःच्या अक्षाभोवती मागेपुढे पिळला जात होता आणि इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नव्हती.

या प्रकारास पीळ-कंपन म्हणतात. अभियांत्रिकीच्या वर्गात त्याचे नाव टॉर्शनल व्हायब्रेशन. या कंपनाचे विश्लेषण कसे करतात आणि त्यातून कोणती काळजी निष्पन्न होते, हे प्रस्तुत लेखात एका सोप्या उदाहरणाच्या आधारे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. स्मरणिकेच्या वाचकांत तंत्रनिकेतनात व आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक असतील, तसेच कारखान्यांत, वाहनांच्या आगारांत किंवा जहाजांवर काम करणारे माजी विद्यार्थीही असतील. सर्वांना उपयोग व्हावा म्हणून शालेय गणिताच्या फार पलीकडे आम्ही गेलेलो नाही.

१. प्रश्न कसा उभा राहिला

वाफेच्या जहाजांचे शाफ्ट लांबलचक असत. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला पाणी कापणारा पंखा आणि मध्ये पोलादी दांडा, अशी ही रचना. जर्मन अभियंते हेरमान फ्राम यांनी १९०२ साली जहाजांच्या शाफ्टमधील या कंपनांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. लांब शाफ्ट ही एक स्प्रिंगच आहे आणि तिच्या दोन टोकांची जड चाके एकमेकांविरुद्ध झुलू शकतात, हा विचार त्यातून अभियंत्यांपुढे स्पष्टपणे आला.

मोटारींच्या क्षेत्रात हाच प्रश्न थोड्याच काळात उपस्थित झाला. इंग्लंडमधील नेपियर कंपनीने १९०४ च्या सुमारास सहा सिलिंडरांची मोटार बाजारात आणली. सहा सिलिंडरांमुळे गाडी अधिक सुरळीत चालावी ही अपेक्षा होती आणि बहुतेक वेगांवर ती खरीही ठरली. पण सहा सिलिंडर एका ओळीत बसवायचे तर क्रँकशाफ्ट लांब होतो. लांब शाफ्ट सहज पिळला जातो, म्हणून त्याचे झुलणे मंद होते आणि ते इंजिनाच्या रोजच्या वेगाच्या टप्प्यात येऊन बसते. या गाड्या काही वेगांवर खडखडू लागत. त्यांची विक्री करणारे एस. एफ. एज यांनी या आवाजाला ‘पॉवर रॅटल’ म्हणजे जणू शक्तीचा खडखडाट असे भारदस्त नाव देऊन टाकले. नाव गोड होते. दोष मात्र तसाच राहिला.

त्यावरील एक टिकाऊ उपाय फ्रेडरिक लँचेस्टर यांनी शोधला. क्रँकशाफ्टच्या मोकळ्या टोकाला घर्षणाने धरलेले एक लहान चाक बसवावयाचे, ही त्यांची कल्पना. तिचे पेटंट १९१० चे आहे. पुढे १९२१ साली जर्मनीतील हाइनरिख होल्झर यांनी अशा कंपनांचे गणित कोष्टकाच्या रूपात करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. संगणक येईपर्यंत कित्येक दशके अभियंते याच पद्धतीने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करीत आणि आजच्या संगणकीय प्रणालींच्या मुळाशीही तोच विचार आहे.

२. पोलादही पिळले जाते

ओले कापड पिळताना आपण दोन टोके उलट दिशांना फिरवतो. शाफ्टच्या बाबतीत तेच घडते, फरक प्रमाणाचा. १०० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा भरीव पोलादी शाफ्ट घेतला, तर त्याला एक अंश पीळ देण्यासाठी सुमारे १३,७०० न्यूटन-मीटर इतके बलाचे आघूर्ण लागते. सोप्या शब्दांत सांगायचे तर, त्यावर एक मीटर लांबीची दांडी आडवी बसवून तिच्या टोकाला सुमारे १,४०० किलोग्रॅम वजन टांगावे लागेल.

एक अंश ही डोळ्याला जाणवणारी गोष्ट नव्हे. तरीही त्या एका अंशाने शाफ्टच्या पृष्ठभागावर सुमारे ७० मेगापास्कल कर्तन-प्रतिबल निर्माण होते. शाफ्टला जेथे तेलाचे छिद्र असते किंवा जेथे त्याचा व्यास एकदम बदलतो, तेथे हे प्रतिबल स्थानिकरीत्या दुपटीहूनही अधिक होऊ शकते.

पीळ सोडला की शाफ्ट पूर्ववत होतो. पण टोकाला जड चाक असेल तर ते वेगात मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा मागे येते आणि असे झुलत राहते. या झुलण्याचा ठरावीक ताल असतो. त्याला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. शाफ्ट जितका ताठ तितकी ती अधिक. चाके जितकी जड तितकी ती कमी.

३. झटके कोठून येतात

झोका ढकलणारा योग्य क्षणी हलकेच हात लावतो आणि झोका उंच जातो. मध्येच, भलत्या क्षणी, दुप्पट जोर लावूनही तो जात नाही. बाहेरून येणाऱ्या झटक्यांचा ताल आणि वस्तूचा स्वतःचा ताल एक झाला की कंपन वाढत जाते. यालाच अनुनाद म्हणतात.

इंजिनात हे झटके सिलिंडरातील ज्वलनाने दिले जातात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून सहा सिलिंडरांचे इंजिन एका फेरीत तीन झटके देते. परंतु ज्वलनाचा झटका हा साधा, गुळगुळीत तरंग नसतो. तो एकदम चढतो आणि मग ओसरतो. गणिताने त्याचे पृथक्करण केले असता त्यात अनेक साधे तरंग मिसळलेले आढळतात : एका फेरीत अर्ध्या वेळेचा, एका वेळेचा, दीड वेळेचा, दोन वेळांचा आणि याप्रमाणे पुढे. एका फेरीत तरंग किती वेळा येतो, त्या संख्येला अभियंते ‘ऑर्डर’ म्हणतात. एका फेरीत तीनदा येणारा तरंग तो तिसऱ्या ऑर्डरचा.

सहा सिलिंडरांच्या इंजिनात यांपैकी बरेच तरंग एकमेकांना छेदून नाहीसे होतात. हे समजण्यासाठी एक कडी कल्पावी. तिला तीन दिशांना समान अंतराने दोर बांधले आहेत आणि प्रत्येक दोर दोघे जण सारख्याच ताकदीने ओढत आहेत. सहाही जण जोर लावीत असून कडी जागची हलत नाही. दुसऱ्या ऑर्डरच्या तरंगांची स्थिती नेमकी अशी असते. तिसऱ्या ऑर्डरमध्ये मात्र सहाही जण एकाच दिशेने ओढतात. म्हणून निरोगी इंजिनात तिसरी, सहावी, नववी या ऑर्डर प्रबळ ठरतात.

४. एक हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी निवडलेले आहेत. सहा सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन जनरेटर चालवते. इंजिनाचे सर्व फिरते भाग मिळून एकच चाक मानू; त्याचे फिरण्याचे जडत्व १० किलोग्रॅम-मीटर वर्ग. जनरेटरचे जडत्व ४० किलोग्रॅम-मीटर वर्ग. दोहोंना जोडणारा शाफ्ट वर सांगितलेलाच, १०० मिलिमीटर व्यासाचा व १ मीटर लांबीचा. त्याचा पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे ७,८५,४०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन भरतो.

दोन चाके एकमेकांविरुद्ध झुलतात तेव्हा त्यांचे परिणामी जडत्व काढण्यासाठी दोन्ही जडत्वांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे : ४०० भागिले ५०, म्हणजे ८. ताठपण्याला ८ ने भागल्यास ९८,१७५ मिळतात. त्याचे वर्गमूळ सुमारे ३१३ रेडियन प्रति सेकंद. त्याला ६.२८ ने भागले की सेकंदाला सुमारे ५० झोके, अर्थात मिनिटाला सुमारे ३,००० झोके, हे उत्तर येते.

आता ३,००० ला प्रत्येक ऑर्डरने भागावे, म्हणजे धोक्याचे वेग कळतात. तिसऱ्या ऑर्डरसाठी मिनिटाला १,००० फेरे, सहाव्यासाठी ५००, नवव्यासाठी ३३३. आपला जनरेटर ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालतो. तिन्ही धोक्याचे वेग त्याच्या बरेच खाली आहेत. इंजिन सुरू करताना ते झटकन ओलांडले जातील. कागदावर सर्व काही सुरक्षित दिसते.

५. एक सिलिंडर मुका झाला तर

येथेच अभ्यासकाने थांबावयास हवे. एखाद्या सिलिंडराचे इंजेक्टर तुंबले, त्यात इंधन जाईनासे झाले आणि तो पेटेनासा झाला, असे समजू. सहा जणांपैकी एकाने दोर सोडला. उरलेल्या पाचांचा तोल आता साधत नाही आणि कडी सरकते. निरोगी अवस्थेत नाहीशी झालेली दुसरी ऑर्डर जागी होते. तिचा धोक्याचा वेग काढू : ३,००० भागिले २, म्हणजे १,५००. जनरेटर दिवसरात्र ज्या वेगाने चालतो तोच हा वेग.

सुटलेला जोर एकाच सिलिंडराचा, म्हणजे सहाव्या हिश्शाचा आहे, हे खरे. पण अनुनादात तो कित्येक पटींनी वाढतो. शाफ्टमधील संदमन, म्हणजे कंपन जिरवण्याची शक्ती, क्रांतिक संदमनाच्या दोन टक्के असेल, तर वाढ पंचवीसपट होते. सहा सिलिंडरांचा या ऑर्डरचा सगळा जोर शांतपणे एकाच दिशेने लावला असता जेवढा पीळ पडेल, त्याच्या चौपटीहून अधिक पीळ आता मिनिटाला तीन हजार वेळा उलटसुलट पडू लागतो. इंजिनचालकाला जाणवते ते एवढेच की आवाज थोडा बदलला आहे आणि धूर वाढला आहे. ‘पाच सिलिंडरांवर चालतेय ना, आठवडाभर ढकलू,’ असा निर्णय अशा वेळी घेतला जातो.

आठवडाभराचा हिशेब करून पाहू. मिनिटाला ३,००० म्हणजे ताशी १,८०,००० उलटसुलट पीळ. एक कोटी पिळांचा आकडा छप्पन्न तासांच्या आतच पूर्ण होतो. धातूच्या थकव्याचा विचार करताना पोलादासाठी साधारण याच कोटीच्या घरात मर्यादा पाहिली जाते. म्हणजे दुरुस्ती पुढील आठवड्यावर टाकली, तर शाफ्टचे आयुष्य अडीच दिवसांतच पणाला लागलेले असते.

६. मोडलेला शाफ्ट काय सांगतो

पिळाच्या थकव्याने मोडलेल्या शाफ्टवरील भेग बहुधा अक्षाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून नागमोडी चढत जाते. तिचा आरंभ बहुधा तेलाच्या छिद्राच्या काठाशी किंवा व्यास बदलतो त्या गोलाईत सापडतो. तुटलेल्या पृष्ठभागावर समुद्रकाठच्या वाळूवर लाटांच्या खुणा उमटाव्यात तशा वक्र रेषा दिसतात. भेग टप्प्याटप्प्याने वाढत गेल्याची ती नोंद असते. असा तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी धुऊन, कोरडा करून जपून ठेवावा. कारण त्याच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही.

मोडलेल्या शाफ्टच्या जागी अधिक चांगल्या पोलादाचा शाफ्ट बसवला की प्रश्न मिटला, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. पोलाद साधे असो वा उत्तम मिश्रधातूचे, पिळाविरुद्धचा त्याचा ताठपणा ठरवणारा गुणांक जवळपास तोच, सुमारे ८० गिगापास्कल, असतो. आकार तोच ठेवला तर नैसर्गिक वारंवारता तीच राहते आणि धोक्याचा वेगही तोच राहतो. नवा शाफ्ट अधिक दिवस तग धरील. परंतु अनुनाद कायम असतो.

७. उपाय आणि त्यांची किंमत

शाफ्ट जाड करावा, हा पहिला सुचणारा उपाय. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आपल्या उदाहरणात व्यास ११० मिलिमीटर केला तर ताठपणा १.४६ पट व वारंवारता १.२१ पट होऊन ती मिनिटाला ३,६३० वर जाते. दुसऱ्या ऑर्डरचा धोक्याचा वेग आता १,८१५ झाला, म्हणजे तो दूर सरला. पण मुक्या सिलिंडरामुळे अडीच ऑर्डरही जागी होते. ३,६३० भागिले २.५ केल्यास १,४५२ येतात. चालत्या वेगापासून हे अंतर जेमतेम तीन टक्के आहे. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्याच्या काठावर येऊन उभे राहण्यासारखे हे झाले.

दुसरा उपाय उलट दिशेचा आहे. इंजिन आणि जनरेटर यांच्यामध्ये रबराचे लवचीक कपलिंग बसवून एकूण ताठपणा पंचविसाव्या हिश्शावर आणला, तर वारंवारता पाचव्या हिश्शावर, म्हणजे मिनिटाला ६०० वर येते. तिसऱ्या ऑर्डरचा वेग २०० फेऱ्यांवर, दुसऱ्याचा ३०० वर, पहिल्याचा ६०० वर आणि अर्ध्याचा १,२०० वर जातो. १,५०० च्या निकट कोणीच उरत नाही. किंमत ही की कपलिंगचे रबर तापते, कालांतराने कडक होते आणि मग ताठपणा बदलून हिशेबही बदलतो. म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते.

तिसरा उपाय डँपरचा. लँचेस्टर यांच्या कल्पनेतून विकसित झालेले डँपर आज असंख्य इंजिनांच्या पुढच्या टोकाला दिसतात. फ्लायव्हील जड असल्यामुळे त्याच्याजवळ शाफ्ट फारसा झुलत नाही. मोकळ्या टोकाला मात्र झुलणे सर्वाधिक असते. म्हणून डँपर तेथे. काहींत जड कडे रबराने चिकटवलेले असते, तर काहींत बंद डबीत दाट सिलिकॉन द्रवामध्ये ते तरंगत असते. शाफ्ट थरथरला की कडे मागे रेंगाळते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. मोटारींमध्ये बहुधा याच कड्यावरून पट्टा जातो; त्यामुळे पाहणाऱ्याला ती केवळ पुली वाटते. रबर सुटले म्हणून त्या जागी साधी पुली चढवली, तर इंजिन पूर्वीसारखेच चालते, पट्टाही फिरतो. फक्त शाफ्टचे रक्षण करणारे साधन काढून घेतलेले असते.

८. मोजणी

वरील उदाहरणात दोनच चाके होती. खऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडराजवळचा भाग, फ्लायव्हील, पंप आणि जनरेटर यांची स्वतंत्र चाके धरावी लागतात. होल्झर यांची पद्धत येथे उपयोगी पडते. एक वारंवारता गृहीत धरावी, पहिल्या चाकाचे झुलणे एक मानावे, त्यावरून दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे असे करीत शेवटच्या चाकापर्यंत यावे. शेवटी उरलेले आघूर्ण शून्य आले तर गृहीत वारंवारता बरोबर. न आल्यास ती बदलून पुन्हा मांडणी करावी.

गणिताला मोजणीची जोड हवीच, कारण हे कंपन हाताला कळत नाही. इंजिनाच्या अंगावर हात ठेवला असता जे हादरे जाणवतात ते वेगळे असतात. शाफ्टचा पीळ मात्र त्याच्या फिरण्यातच लपलेला असतो. त्यासाठी फिरत्या दातेरी चाकासमोर संवेदक बसवून एकामागून एक दात किती वेळाने येतो, हे सूक्ष्मपणे नोंदवतात. शाफ्ट एकसारखा फिरत असेल तर हे अंतर समान येते. थरथरत असेल तर कमी-जास्त होते. शाफ्टवर विकृतिमापक पट्टी चिकटवून तिचा संदेश बिनतारी पद्धतीने घेण्याचीही रीत आहे. वेग हळूहळू वाढवीत घेतलेल्या नोंदींतून प्रत्येक ऑर्डर कोठे उसळते, हे स्पष्ट होते.

९. नियम आणि जबाबदारी

समुद्रावर शाफ्ट मोडणे म्हणजे जहाज वाऱ्यालाटांच्या स्वाधीन होणे. म्हणूनच जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्था पीळ-कंपनांचा हिशेब मागतात आणि त्यात एक सिलिंडर न पेटल्याच्या स्थितीचाही विचार करावयास लावतात. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही आपल्या देशातील अशी संस्था. ज्या वेगपट्ट्यात प्रतिबल अधिक असते, तो वर्ज्य ठरवून वेगमापकावर लाल रंगाने दाखवला जातो. त्या पट्ट्यात थांबावयाचे नाही. तो त्वरेने ओलांडावयाचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार असा पट्टा निर्धारित वेगाच्या ०.८ पटीच्या वर असता कामा नये.

महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. पुण्यात १९६१ पासूनची भारत फोर्ज ही कंपनी क्रँकशाफ्टच्या घडाईसाठी देशाबाहेरही ओळखली जाते. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून त्याच शहरात आहे. या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पीळ-कंपनाचा अभ्यास घराजवळच उपयोगी पडेल.

परंतु हिशेब करणारा अभियंता यंत्राजवळ रोज नसतो. तेथे असतो तो चालक, फिटर किंवा वायरमन. त्याच्यासाठी या लेखाचे सार थोडक्यात असे : एखादा सिलिंडर पेटत नसेल तर इंजिन चालू ठेवण्याच्या परवानगीसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे. डँपरच्या रबराला चीर पडली आहे का, कडे सरकले आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसला तपासावे. कपलिंग, फ्लायव्हील किंवा पुली बदलताना ‘बसते आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. जडत्व आणि ताठपणाही तोच आहे याची खात्री करावी. आणि वेगमापकावर लाल पट्टा असेल, तर काटा त्यात रेंगाळू देऊ नये, मग इंजिन कितीही शांत वाटो.